पहिल्या शिट्टीआधीचे दहा आठवडे: विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाची मोसमपूर्व तयारी

मोसमपूर्व तयारी म्हटली की अनेक प्रशिक्षकांना आधी आठवतात त्या मैदानाभोवतीच्या फेऱ्या. पहिल्या आठवड्यात मुलींना इतकं पळवायचं की कोण टिकतं ते कळून यावं, ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. त्यातून कळतं एवढंच की सुट्टीत कोण घरी बसून होतं. हे कळण्यासाठी दोन-तीन हॅमस्ट्रिंग (मांडीचे मागचे स्नायू) आणि एखादा गुडघा खर्ची पडतो, तो वेगळाच.

माझ्या लेखी तयारीची कसोटी साधी आहे. पहिल्या सामन्याच्या दिवशी किती जणी पूर्ण ताकदीने उपलब्ध आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीला आपलं काम ठाऊक आहे का? पुढचं सगळं या प्रश्नाला धरून आहे. प्रशिक्षक, कर्णधार, संघ व्यवस्थापक यांच्यापैकी कोणीही हातात घेऊन कामाला लागावं अशा बेताने लिहिलंय.

आधी कॅलेंडर, मग कवायत

पहिल्या सामन्याची तारीख कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या. शेवटचे चार आठवडे मैदानावरचे, त्याआधीचे सहा घरचे. त्याच कागदावर परीक्षा, प्रकल्प सादर करायच्या तारखा, वसतिगृह उघडण्याचा दिवस, मैदान कोणत्या वेळी दुसऱ्या संघाकडे आहे आणि बाहेरगावचे सामने कधी आहेत, हे सगळं मांडा. विद्यापीठाच्या खेळाडूचा दिवस फुटबॉलभोवती फिरत नाही, आणि हे नाकारून केलेलं वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यातच फाटतं.

परीक्षेच्या आठवड्यांत सराव हलका करा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दुखापतीमुळे खेळावर बंधनं येण्याचं प्रमाण परीक्षांच्या काळात स्पष्टपणे वाढलेलं त्यात दिसलं होतं. खेळ वेगळा आणि खेळाडू पुरुष, पण रात्रभर जागून आलेलं शरीर सगळीकडे सारखंच वागतं.

मैदानावर चार आठवडे मिळणं हे नशीब. पुष्कळ संघांना दोनच मिळतात. तेव्हा चार आठवड्यांचं काम दोनांत कोंबू नका. मोसमातले पहिले दोन सामने तयारीचाच भाग समजा आणि खेळण्याची मिनिटं वाटून द्या. पहिल्या सामन्यात प्रमुख खेळाडूला साठाव्या मिनिटाला बाहेर काढायला जिवावर येतं, पण तिला सहा आठवडे गमावण्यापेक्षा ते परवडतं.

स्पर्धेचं नियमपत्रकही आत्ताच वाचा, विशेषतः बदली खेळाडूंचा भाग. अमेरिकन महाविद्यालयीन महिला फुटबॉलमध्ये बाहेर गेलेली खेळाडू उत्तरार्धात एकदा परत येऊ शकते. तिथे राखीव खेळाडू वेगळ्या पद्धतीने वापरता येतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालणाऱ्या स्पर्धेत बाहेर गेलेली गेली. तुमची स्पर्धा कशी आहे त्यावर किती जणींना नव्वद मिनिटांसाठी तयार करायचं ते ठरतं. आठवड्याला एक सामना आहे की दोन, यावरही.

कोण गेली, कोण आली

विद्यापीठाच्या संघाचं वैशिष्ट्य म्हणजे दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुली जातात आणि नवख्या येतात. म्हणून मैदानाचा नकाशा काढून प्रत्येक जागेवर दोन नावं लिहा. जिथे दुसरं नाव सुचत नाही तिथे तुमचा धोका आहे. बहुधा तो डावीकडच्या बचावात किंवा गोलरक्षणात सापडतो. राखीव गोलरक्षक जखमी झाली तर हातमोजे कोण घालणार, याचं उत्तर आत्ता ठरवा आणि त्या मुलीला आठवड्यातून एकदा तरी गोलरक्षकांबरोबर सराव द्या.

गेल्या मोसमात कोणाला काय दुखापत झाली, किती सामने बुडाले, पुन्हा उद्भवली का, याची यादी याच कागदाच्या मागे करा. आधी झालेली दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सगळ्यात मोठी खूण असते. गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याची) शस्त्रक्रिया झालेली मुलगी असेल तर शस्त्रक्रियेची तारीख लिहा. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांमध्ये पुन्हा गुडघा जायबंदी होण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं आहे. नऊ महिने झाले म्हणून परवाना मिळाला असंही नाही. दोन्ही पायांची ताकद, एका पायावरची उडी आणि मनातली भीती, तिन्ही तपासून फिजिओथेरपिस्टने हिरवा कंदील द्यायचा असतो. प्रशिक्षकाने घाई करू नये आणि मुलीलाही करू देऊ नये.

घरचे सहा आठवडे

मोसमाचा खरा पाया इथे पडतो आणि नेमकं इथे तुमचं नियंत्रण नसतं. म्हणून योजना छोटी ठेवा. बारा पानांची फाइल पाठवली तर कोणी उघडत नाही. एका पानावर मावेल तेवढंच द्या:

पहिले दोन आठवडे: तीन वेळा २५ ते ३० मिनिटं सहज बोलता येईल अशा वेगाने धावणं, दोन वेळा ताकदीचे व्यायाम, जमेल तेव्हा चेंडू.

तिसरा-चौथा आठवडा: एक लांब धाव तशीच. दुसऱ्या दोन दिवशी चार-चार मिनिटांचे चार तुकडे, दमछाक होईल अशा वेगात, मध्ये तीन मिनिटं संथ जॉगिंग. ताकदीचे दोन दिवस कायम.

पाचवा-सहावा आठवडा: चार मिनिटांचे तुकडे एकदाच. दुसऱ्या दिवशी लहान धावा, दिशा बदलत, थांबत, पुन्हा सुटत. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा २० ते ३० मीटरच्या पाच-सहा पूर्ण वेगाच्या धावा, प्रत्येकीनंतर भरपूर विश्रांती.

चार मिनिटांच्या तुकड्यांमागे पुरावा आहे. नॉर्वेतल्या तरुण फुटबॉलपटूंनी हा व्यायाम आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा केला. २००१ साली छापलेल्या त्या अभ्यासात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी आणि सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं. हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत नेणं ही त्यातली अट होती. घड्याळ नसेल तर एवढं पाहा: तिसऱ्या मिनिटाला पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग कमी आहे.

ताकदीसाठी स्क्वॉट (उठाबशा), डेडलिफ्ट (कमरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं) किंवा त्याचा एका पायावरचा प्रकार, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), पुश-अप, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), प्लँक (कोपरांवर शरीर सरळ तोलून धरणं) आणि पोटरीचे व्यायाम. वजनं नसतील तर पुस्तकांनी भरलेली पाठपिशवी चालते. शेवटच्या दोन आठवड्यांतल्या पूर्ण वेगाच्या धावा मात्र कोणी गाळू नयेत. महिनाभर जॉगिंग करून थेट सामन्यातला वेग गाठायला गेलं की मांडीचा मागचा स्नायू तक्रार करतो.

मुलींनी हे केलं की नाही याची रोज हजेरी घेऊ नका. आठवड्यातून एक निरोप, दोन ओळींचं उत्तर, बस्स. जिचं उत्तर आलं नाही तिला कर्णधाराने फोन करावा. प्रशिक्षकाच्या फोनला मिळतं त्यापेक्षा खरं उत्तर तिला मिळतं.

वैद्यकीय तपासणी, आणि सहसा न विचारले जाणारे प्रश्न

हृदय, दमा, ॲलर्जी, जुन्या दुखापती, डोक्याला बसलेले मार ही नेहमीची यादी असतेच. महिला संघात त्याला मासिक पाळीचा प्रश्न जोडलाच पाहिजे: पाळी नियमित येते का, मधे तीन महिने किंवा जास्त काळ बंद होती का, रक्तस्राव फार होतो का? हा प्रश्न डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने विचारावा आणि उत्तर त्यांच्यापाशीच राहावं. प्रशिक्षकाला एवढंच कळलं तरी पुरे की अमुक खेळाडूचा भार काही दिवस कमी ठेवायचा आहे.

हे विचारायचं ते कशासाठी? शरीर खर्च करतं त्या मानाने खाणं कमी पडलं की ते काटकसर सुरू करतं. पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होऊन बारीक तडे जातात, थकवा उतरत नाही, सर्दी-तापाचं सत्र चालू राहतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. मोसमपूर्व काळात धोका जास्त, कारण सराव एकदम वाढतो आणि भूक त्या वेगाने वाढत नाही. त्यात कोणी ‘सुट्टीत सुटलीस गं’ असा शेरा मारला की मुलगी ताटातलं निम्मं बाजूला सारते. तसे शेरे संघात बंद म्हणजे बंद, गमतीतसुद्धा. सगळ्यांसमोर वजन करून फळ्यावर आकडे लिहिण्याची पद्धतही मोडीत काढा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलीला दरमहा होणारा रक्तस्राव म्हणजे सगळं ठीक असल्याचा पुरावा नव्हे, हेही डॉक्टरांनी लक्षात ठेवावं.

सतत दम लागणारी, फिकट दिसणारी खेळाडू आळशी ठरवण्याआधी तिची हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय कोणी सुरू करू नयेत.

पाळीच्या टप्प्यानुसार सराव आखावा का, हा प्रश्न हल्ली हमखास येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाने २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळी आणि इंग्लंडच्या चेल्सी क्लबच्या महिला संघाने २०२० मध्ये याकडे लक्ष दिल्याच्या बातम्या गाजल्या. २०२० सालीच निरनिराळे अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात मात्र टप्प्यांमुळे कामगिरीत पडणारा सरासरी फरक अगदी किरकोळ निघाला, आणि व्यक्तीनुसार पाहा असाच सल्ला दिला गेला. मला तोच पटतो. प्रत्येकीने आपली नोंद ठेवावी, ज्या दिवशी पोटात कळा येतात त्या दिवशी मोकळेपणाने सांगता यावं. सबंध संघाचे चार गट पाडून चार वेळापत्रकं चालवायला विद्यापीठाकडे माणसंही नसतात.

गुडघा

इथे जरा थांबायला हवं. गुडघ्यातलं पुढचं क्रूशिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल, फाटण्याचा धोका फुटबॉलमध्ये मुलींना मुलांपेक्षा किमान दुप्पट असतो. बऱ्याचदा त्यात कोणाचा धक्काही लागलेला नसतो. प्रतिस्पर्ध्यावर चाल करून जाताना अचानक दिशा बदलली, उडीनंतर एका पायावर उतरली, गुडघा आत वळला, संपलं. त्यानंतरचं वर्ष जिममध्ये जातं, आणि विद्यापीठात वर्षं मोजून तीन-चारच असतात.

हा धोका पूर्ण टळत नाही, पण बराच कमी होतो. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींवर अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा संतुलन-ताकद-उडी असा वॉर्म-अप करणाऱ्या गटात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी निघाल्या; हा अभ्यास २०१२ चा. त्याआधी २००८ मध्ये नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवर फिफाच्या ‘११+’ या वॉर्म-अपची चाचणी झाली होती. एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटला, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मुली वयाने लहान होत्या हे खरं, पण एवढा स्वस्त विमा दुसरा कुठे मिळणार?

‘११+’ मध्ये तीन भाग आणि १५ व्यायाम आहेत. पहिली आठ मिनिटं संथ धाव आणि सोबत खुब्याचा सांधा आत-बाहेर फिरवणं, जोडीने खांद्याला खांदा लावून उडी, पुढे-मागे झटपट धाव. मधली दहा मिनिटं प्लँक, साइड प्लँक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, एका पायावरचा तोल, स्क्वॉट, उड्या. शेवटची दोन मिनिटं वेगात धाव आणि दिशाबदल. मधल्या भागाला तीन पायऱ्या आहेत, सोपी ते अवघड. सवय झाली की वीस मिनिटांत उरकतं.

अडचण एकच: ‘उरकतं’ हा शब्द शब्दशः खरा होतो. प्रशिक्षक शंकू मांडण्यात गुंतलेला, मुली गप्पा मारत उड्या मारतायत, आणि उतरताना प्रत्येकीचा गुडघा आत. तो वॉर्म-अप केला काय न केला काय. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत प्रशिक्षकाने स्वतः मुलींच्या समोर उभं राहून पाहावं. समोरून पाहिलं तर खुबा, गुडघा आणि पायाचं बोट एका रेषेत दिसलं पाहिजे. उतरताना आवाज कमी यावा, गुडघे वाकलेले असावेत. जोडीदारणीने एकमेकींचा फोनवर व्हिडिओ काढला तर दहा सूचनांचं काम एका नजरेत होतं.

नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून, जोडीदारणीने घोटे धरलेले, आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकणं. सुरुवात तीन ते पाच आवर्तनांनी करा. पहिल्याच दिवशी बारा केले तर दुसऱ्या दिवशी कोणाला जिना उतरता येणार नाही, आणि मग हा व्यायाम संघात कायमचा बदनाम होतो. जांघेसाठी ‘कोपनहेगन’ हा साइड प्लँकचा प्रकार आठवड्यातून दोनदा जोडा: वरचा पाय बाकावर किंवा जोडीदारणीच्या हातात, खालचा पाय त्याच्याकडे उचलायचा.

मैदानावरचे चार आठवडे

पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नका. चेंडू द्या, हलके खेळ खेळवा, प्रवासातून आलेली शरीरं मोकळी होऊ द्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तीन मोजमापं पुरतात: १० आणि ३० मीटरची धाव, जागेवरून उडी, आणि यो-यो चाचणी. यो-यो डेन्मार्कचे क्रीडाशास्त्रज्ञ येन्स बँग्सबो यांनी बसवली. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद चालत विसावा, आणि ध्वनिफितीवरचा वेग वाढत जातो. पहिल्या पातळीची सुरुवात ताशी १० किलोमीटरने होते. फुटबॉलच्या थांबत-धावत जाणाऱ्या लयीला ती सरळ लांब धावेपेक्षा जवळची आहे.

आकडे वहीत ठेवा, भिंतीवर नको. चाचणीवरून संघ निवडू नका. कमी पडलेल्या मुलीला शिक्षेच्या फेऱ्या दिल्या तर जिची तयारी सगळ्यात कमी तिच्यावरच भार सगळ्यात जास्त टाकल्यासारखं होतं. तिला आठवड्यातून दोनदा सरावानंतर दहा मिनिटांचे जादा तुकडे द्या आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजा.

सरावाचा भार मोजायला हालचाली नोंदवणारी महागडी जॅकेटं लागत नाहीत. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने प्रत्येकीला विचारा, आजचा सराव ० ते १० मध्ये किती कठीण वाटला? तो आकडा गुणिले मिनिटं. नव्वद मिनिटांच्या सरावाला सहा सांगितले तर ५४०. ही अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत आहे आणि ती जगभर चालते. आकडा प्रत्येकीने आपल्या फोनवरून पाठवावा. घोळक्यात विचारलं की सगळ्या शेजारणीचंच उत्तर देतात. आठवड्याची बेरीज हळूहळू चढती हवी. संघ पाच म्हणत असताना एखादी सतत आठ म्हणतेय, तर तिला बाजूला घेऊन झोप, जेवण, घर यांबद्दल विचारा.

पहिला आठवडा: रोज एकच सत्र, ६० ते ७५ मिनिटं. वॉर्म-अप, पासिंग, रोंडो (वर्तुळातल्या मुलींनी मधलीला चुकवत चेंडू फिरवणं), चार विरुद्ध चारचे छोटे खेळ. उन्हाळा असेल तर शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, हे विसरू नका. सराव सकाळी किंवा संध्याकाळी, पाण्यासाठी ठरलेले थांबे.

दुसरा आठवडा: सत्र ९० मिनिटांपर्यंत. एखाद्या दिवशी दोन सत्रं घ्यायची तर दुसरं ताकदीचं किंवा फळ्यावरचं असावं, आणि पुढचा दिवस हलका. पहिला सराव सामना आठवड्याच्या शेवटी.

तिसरा आठवडा सगळ्यात जड. मोठ्या मैदानावरचे खेळ, आठ विरुद्ध आठ, अकरा विरुद्ध अकरा. इथे एक बारकावा आहे. छोट्या जागेतल्या खेळात सुटणं, थांबणं, वळणं खूप होतं, पण कोणीही पूर्ण वेगापर्यंत पोहोचत नाही. नुसत्या छोट्या खेळांवर भिस्त ठेवणाऱ्या संघाच्या विंगरला (मैदानाच्या कडेने चढाई करणारीला) पहिल्या सामन्यात ४० मीटर धावावं लागतं तेव्हा तिच्या हॅमस्ट्रिंगला तो धक्का असतो. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, ताज्या पायांनी, वॉर्म-अपनंतर लगेच चार ते सहा पूर्ण वेगाच्या धावा ठेवाच.

चौथ्या आठवड्यात मिनिटं साधारण तृतीयांशाने कमी करा, वेग तसाच ठेवा. मुली म्हणतील अजून पळवा, बरं वाटतंय. बरं वाटावं म्हणूनच कमी केलंय.

डावपेच थोडेच शिकवा

चार आठवड्यांत नव्या-जुन्या मुलींच्या मनात तीन रचना घोळवत ठेवण्यापेक्षा एक रचना नीट बसवा आणि चार प्रश्नांची उत्तरं पक्की करा. गोलरक्षकाकडे चेंडू असताना आपण कुठे उभ्या राहतो? चेंडू गमावल्यावरचे पहिले पाच सेकंद काय करतो? समोरच्यांवर दबाव कोणत्या खुणेवर टाकतो, म्हणजे मागे दिलेल्या पासवर, की टचलाइनजवळ (मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ) अडकलेल्या खेळाडूवर? चेंडू हिसकावल्यावर पहिली नजर कुठे? प्रत्येक आठवड्याला एक प्रश्न. नवख्या मुलीला मध्येच थांबवून विचारा. तिला सांगता आलं तर शिकवणं पोहोचलं.

नियमांतले अलीकडचे बदल सरावात आणा. २०१९ पासून गोल किकनंतर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे दोन बचावपटू क्षेत्रातच उभ्या करता येतात. २०२५-२६ पासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. तुमच्या स्पर्धेने हा नियम स्वीकारला असेल तर गोलरक्षकाच्या सरावात मोठ्याने सेकंद मोजायला लागा.

सेट पीसकडे विद्यापीठाचे संघ फारसं लक्ष देत नाहीत, आणि अटीतटीचे सामने तिथेच सुटतात. दोन कॉर्नर, एक लांब थ्रो-इन, दोन फ्री किक, बस्स. बचावात कोण कोणाला धरणार, जवळच्या खांबावर कोण, गोलरक्षकासमोरची जागा कोण मोकळी करणार, हे नावानिशी. ही जबाबदारी एका सहायकाला किंवा फुटबॉलचं डोकं असलेल्या एखाद्या ज्येष्ठ खेळाडूला पूर्ण सोपवा. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, आणि हेडिंगची आवर्तनं मोजकी.

सराव सामने

तीन मिळाले तर उत्तम. पहिल्यात प्रत्येकीला ३० ते ४५ मिनिटं, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ज्या सुरुवात करणार त्यांना ७५ ते ९०. पहिला सामना आपल्यापेक्षा थोड्या कमकुवत संघाशी, मधला सगळ्यात तगड्या संघाशी. उलट केलं आणि तगड्या संघाने पहिल्याच दिवशी सहा गोल चढवले तर पुढचा आठवडा डावपेचांऐवजी समजूत काढण्यात जातो. निकाल वहीत लिहू नका. त्या आठवड्याच्या प्रश्नाचं उत्तर मैदानावर किती वेळा दिसलं ते मोजा. एखादी राखीव मुलगी कडेला बसून हे छान करते.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाने एनसीएएची (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना) २२ अजिंक्यपदं जिंकली आहेत, त्यातली २१ प्रशिक्षक अॅन्सन डोरेन्स यांच्या कारकिर्दीत. सरावातल्या प्रत्येक स्पर्धेची नोंद ठेवून क्रमवारी जाहीर करण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. ती जशीच्या तशी उचलण्याआधी विचार करा: तिथे पंचवीस मुली अव्वल दर्जाच्या असतात. तुमच्या संघात शेवटून तिसरी आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही तर बचावात कोण उभं राहणार? नोंद ठेवा, पण प्रत्येकीला तिचीच आधीची नोंद दाखवा.

ताट, झोप, बूट

जड दिवसांत दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं, हा मोठ्या क्रीडा आहारतज्ज्ञांच्या शिफारशींचा गाभा आहे. साठ किलोच्या मुलीला ३०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं लागतात. सकाळी घाईत नुसता चहा पिऊन आलेली मुलगी तिथवर पोहोचत नाही. सरावाआधी दोन-तीन तास नीट जेवण, संपल्यावर तासाभरात काहीतरी पोटात. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सरावाआधी बंद होत असेल तर ती अडचण व्यवस्थापकाने पहिल्याच आठवड्यात सोडवायची. झोप किमान आठ तास, आणि सकाळी सहाचा सराव ठेवून ती मिळत नाही.

बूट नवे असतील तर पहिल्या सामन्याला नव्हे, पहिल्या आठवड्यातच घालायला काढा. युरोपियन क्लब असोसिएशनच्या २०२३ च्या पाहणीत ८२ टक्के महिला खेळाडूंनी बुटांमुळे त्रास होतो असं सांगितलं होतं. बाजारातले बहुतेक बूट पुरुषांच्या पावलावर बेतलेले असतात. कृत्रिम गवतावर लांब खिळ्यांचे बूट नकोत. स्पोर्ट्स ब्रा हाही गणवेशाचाच भाग माना आणि नीट मापाची घ्यायला सांगा. शॉर्टचा रंग खेळाडूंना विचारून ठरवा. पाळीच्या दिवसांत वाटणाऱ्या धास्तीमुळे इंग्लंडच्या संघाने २०२३ मध्ये पांढऱ्या शॉर्ट सोडून निळ्या घेतल्या.

माणसं

नवख्या मुलींची चेष्टा करून ‘स्वागत’ करण्याची प्रथा असेल तर ती कर्णधाराने पहिल्या दिवशीच थांबवावी. प्रत्येक नवखीला तिच्याच जागेवर खेळणारी एक ज्येष्ठ जोडीदारीण द्या. जागेसाठी त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी आहेत हे खरं, पण त्यामुळेच दोघी सुधारतात.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येकीशी दहा मिनिटं बोला: आज तू कुठे आहेस, संघात येण्यासाठी काय करावं लागेल. निवड झाली नाही हे यादी चिकटवून किंवा निरोप धाडून कळवू नका. समोर बसवून सांगा. त्यावर रडू येईल, राग येईल, येऊ द्या.

आणीबाणी

रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येईल, त्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं एईडी यंत्र कुठे टांगलंय, फोन कोण करणार? एका कागदावर लिहा आणि एकदा प्रत्यक्ष करून पाहा. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळली, डोकं धरून बसली, तोल गेला, तर ती त्या दिवशी परत खेळत नाही. ती ‘मी ठीक आहे’ म्हणाली तरी नाही, अंतिम सामना असला तरी नाही. खेळात परतण्याच्या पायऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढायच्या, प्रत्येक पायरीत किमान २४ तास.

पहिल्या सामन्याचा आठवडा

सामना शनिवारी असेल तर मंगळवार जड, बुधवारी डावपेच, गुरुवारी वेगाच्या काही धावा आणि सेट पीस, शुक्रवारी ४० मिनिटं हसत-खेळत. यो-यो, नवी रचना, नवे व्यायाम, यांपैकी काहीही या आठवड्यात नाही.

सामना संपल्यावर एक काम राहतं आणि तेच बहुतेक जण विसरतात. ज्या अकरा खेळल्या त्यांना विश्रांती हवी. ज्या बाकावर बसल्या किंवा पंधराच मिनिटं खेळल्या त्यांचा त्या आठवड्याचा भार मात्र निम्म्यावर येतो. असे तीन आठवडे गेले की चार आठवड्यांत कमावलेलं हळूहळू उतरतं, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी जखमी होऊन त्यांना आत यावं लागतं. म्हणून मैदानावरून दिवे जायच्या आत त्यांना पंधरा-वीस मिनिटं द्या: चार विरुद्ध चार, मग चार लांब वेगाच्या धावा. मैदान मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सहायकाने नाही, मुख्य प्रशिक्षकाने स्वतः थांबून.